वर्षभराचे फोटो कसे जपू?

प्रश्न : यंदा लेक नोकरीसाठी बाहेरगावी गेली, हे निवृत्त झाले, सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. शिवाय प्रवास. फोनमध्ये फोटोंचा नुसता ढीग साचलाय. काय करू?

उत्तर : ताई, आधी निम्मे फोटो उडवा. सूर्यास्ताचे तर सगळेच. ते कुणाचेही सारखेच येतात. उरलेल्यांच्या मूळ फाइल फोनमधून थेट कॉपी करा, कारण मेसेजिंग अ‍ॅपवरून आलेल्या फोटोत काढल्याची तारीख, ठिकाण बहुधा उरत नाही. छापलेल्या फोटोमागे नावं मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उठतो. थर्मल कागदावरची (शाईऐवजी उष्णतेनं छापलेली) तिकिटं पुसट होत जातात, त्यांचा फोटो आताच काढा. आणि जुनं घर सोडतानाची आठवण सासूबाईंच्याच तोंडून रेकॉर्ड करा. मधे यजमानांना बोलू देऊ नका!