गोळ्याच्या मधल्या पेशी का मरतात?

प्रश्न : मूलपेशींपासून बनवलेल्या यकृतपेशींचे गोळे आठवड्याभरात मधोमध काळपट पडतात, तेही विषारीपणा तपासायचं औषध घालण्याआधीच. चुकतंय कुठे?

उत्तर : गोळा मोठा होतोय. यकृतपेशी प्राणवायूच्या बाबतीत भलत्याच खादाड आणि तो बाहेरून जेमतेम १५०-२०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) आत झिरपतो. ९६ खणांच्या (छोट्या वाट्यांच्या), गोल तळाच्या, पेशी न चिकटणाऱ्या प्लेटमध्ये खणामागे १,५०० ते २,००० पेशीच घाला. गोळ्याचा व्यास २५० मायक्रॉनच्या आसपास राहू द्या. माध्यम, म्हणजे पेशींना पोसणारं द्रव, दोन-तीन दिवसांनी निम्मंच बदला. पिपेटचं टोक खणाच्या कडेला टेकवा, नाहीतर गोळाच ओढला जातो.

आणि अल्ब्युमिन (यकृतपेशी बनवतात ते प्रथिन) दिसलं म्हणून हुरळू नका, सीवायपी३ए४ हे औषधांचं चयापचय करणारं यकृतातलं विकर (एन्झाइम) मोजा. या पेशी बहुधा गर्भातल्या पेशींसारख्याच अर्धकच्च्या राहतात. हे विकर कमी पडलं, तर चयापचयानंतर विषारी होणारं औषधही निरुपद्रवी भासतं.