ऑस्प्रे म्हणजे मत्स्यगरुड नव्हे

प्रश्न असा आहे: ऑस्प्रे या मासे मारून खाणाऱ्या शिकारी पक्ष्याला मराठीत ‘मत्स्यगरुड’ म्हणावं का, आणि ‘स्थलांतरित पक्षी’ बरोबर की ‘स्थलांतरी’?

पहिल्याचं उत्तर: नाही. मासा धरलेला कुठलाही मोठा पक्षी दिसला की फोटोखाली ‘मत्स्यगरुड’ लिहून मोकळं व्हायची पद्धत पडली आहे, ती आता पुरे. मत्स्यगरुड हे दुसऱ्याच पक्ष्यांचं नाव आहे. समुद्रगरुड, पल्लासचा मत्स्यगरुड ही गरुडांच्या कुळातली मंडळी. ऑस्प्रेचं कुळच स्वतंत्र आहे. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे मासा धरताना दोन बोटं पुढे आणि दोन मागे येतात. तळव्यावर काटेरी खवले असतात, म्हणून निसरडा मासा सुटत नाही. मत्स्यगरुड सहसा पाण्याच्या पृष्ठभागावरूनच मासा उचलतो. ऑस्प्रे पाय पुढे करून पाण्यात घुसतो, कधी कधी पूर्ण बुडतो, आणि वर आल्यावर माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला येईल असा तो फिरवून धरतो. फोटोत पांढरं डोकं आणि डोळ्यातून मानेकडे गेलेला काळपट पट्टा दिसला, तर वाद संपला.

‘मीनखाई घार’ हे रुळलेलं नाव निदान फसवत नाही, पण हा पक्षी घारही नाही. इंग्रजी नाव तरी कुठे धड आहे? ‘ऑस्प्रे’चं मूळ बहुतेक जण लॅटिन ‘ओसिफ्रागा’पर्यंत नेतात. त्याचा अर्थ हाडफोड्या, आणि हाडं उंचावरून खडकावर टाकून फोडतं ते दाढीवालं गिधाड. ऑस्प्रे हाडांच्या वाटेला जात नाही. शास्त्रीय नावातलं ‘हॅलिएटस’ म्हणजे ग्रीकमध्ये समुद्रगरुड, म्हणजे आपलीच चूक त्यांनीही केलेली.

आपल्याकडे मात्र नेमका शब्द पडून आहे: कुरर. संस्कृत कोशकार त्याचा अर्थ ऑस्प्रे असाच देतात. धातू ‘कु’, अर्थ शब्द करणे. आता कित्येक मराठी अर्थकार इथे ‘टिटवी’ लिहितात, ते का लिहितात हे मला कळत नाही. भागवताच्या 11व्या स्कंधात अवधूताच्या 24 गुरूंमध्ये कुरर आहे. त्याच्याजवळ मांस असतं, ज्यांच्याजवळ ते नाही असे बलवान पक्षी त्याच्यावर तुटून पडतात, तो मांस टाकून देतो आणि सुखी होतो. टिटवी जमिनीवरचे किडे टिपून खाते. तिच्याकडून कोण काय हिसकावणार? शिवाय अमरसिंहाच्या ‘अमरकोश’ या संस्कृत कोशात टिट्टिभक, म्हणजे टिटवी, वेगळा दिलेला आहे, तेवढं तरी बघायचं होतं. ऑस्प्रेच्या बाबतीत ही गोष्ट शब्दशः घडते. तो मासा घेऊन उडाला की ब्राह्मणी घार किंवा समुद्रगरुड मागे लागतो, आणि पाठलाग फार झाला की तो मासा सोडून देतो. (भागवताच्या त्या श्लोकातलं ‘आमिष’ म्हणजे मूळचं मांसच. गळाला लावायचा तुकडा म्हणून त्याला पुढे ‘लालूच’ हा अर्थ चिकटला.)

खरी गंमत पुढेच आहे. अमरकोश म्हणतो, ‘उत्क्रोशकुररौ समौ’, म्हणजे उत्क्रोश आणि कुरर एकच. उत्क्रोशातला धातू ‘क्रुश्’, अर्थ हाक मारणे आणि रडणे. आक्रोश त्यातलाच. कोस म्हणजे क्रोशही त्यातलाच: हाक ऐकू जाईल एवढं अंतर. म्हणजे उत्क्रोश हा कोसभर ऐकू जाणारा पक्षी. ऑस्प्रे असा आहे का? विणीच्या काळात नर पायात मासा लोंबकळवत उंच उडतो आणि सारखा ओरडतो, हे खरं. पण ती वीण बहुतेक उत्तरेकडच्या देशांत होते. भारताच्या मैदानात तो हिवाळ्यात येतो आणि खुंटावर तासन् तास गप्प बसतो. मग रघुवंशाच्या 14व्या सर्गात त्यागलेली सीता कुररीसारखी आक्रंदते, ते आक्रंदन कवीने कुठे ऐकलं?

माझं मत असं: उत्क्रोश म्हणजे पल्लासचा मत्स्यगरुड. हा हिवाळ्यातच उत्तर भारतात नदी-तळ्यांकाठच्या मोठ्या झाडांवर काटक्यांचं भलं थोरलं घरटं करतो, आणि त्याचा खणखणीत आवाज लांबवर जातो. हाच ऑस्प्रेचे मासेही लुबाडतो. म्हणजे भागवतातला लुटला गेलेला तो कुरर, लुटणाऱ्या बलवानांपैकी एक उत्क्रोश, आणि अमरसिंहाने चोर आणि सावकार एकाच ओळीत बसवले! कवींनी मग कुररीच्या तोंडी उत्क्रोशाचं रडणं घातलं. हे कोणाला पटणार नसेल, तर त्याने हिवाळ्यात आक्रोश करणारा ऑस्प्रे दाखवावा. ऑस्प्रेचं ‘कैकर’ हे मराठी नावही कुररवरून आलं असं म्हणायचा मोह मलाही होतो, पण मधला ‘क’ कुठून आला ते सांगता येत नाही, म्हणून तो दावा मी करत नाही.

तर ऑस्प्रेला कुरर म्हणा, आणि मत्स्यगरुड हे नाव मत्स्यगरुडांकडे राहू द्या.

हो, दुसरा प्रश्न राहिला. ‘स्थलांतरित’ म्हणजे ज्याचं स्थलांतर केलं गेलं ते, जसं स्थलांतरित कार्यालय. पक्ष्याला कोणी हलवत नाही, म्हणून ‘स्थलांतरी’. कुरराचं पिल्लू तर पहिला प्रवास आईबापांशिवाय एकट्याने करतं: मादी आधी निघून गेलेली असते, आणि पिल्लं बापाबरोबरही जात नाहीत. ते पुढचा अख्खा उन्हाळा दक्षिणेतच काढतं आणि साधारण दोन वर्षांचं झाल्यावर प्रथम उत्तरेला परततं. म्हणून दर मार्चमध्ये ‘सगळे पाहुणे मायदेशी परतले’ असं छापतात तेही चूक. आणि पल्लासच्या मत्स्यगरुडाला ‘हिवाळी पाहुणा’ तर मुळीच म्हणू नका. त्याचं घरटं इथे आहे. पाहुणा तो उन्हाळ्यात, तिकडे तिबेट-मंगोलियात असतो.