क्यूआर कोड माझ्या फोनवर चालतो, गिऱ्हाइकांच्या का नाही?

तुमची अडचण अशी: कर्वे रस्त्यावरच्या खानावळीबाहेर मेन्यूचा क्यूआर फ्लेक्सवर लावलाय, तुमच्या फोनवर उघडतो, काही गिऱ्हाइकांना परवानगी मागतो, काहींचा कॅमेरा कोड ओळखतच नाही. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

परवानगी मागतोय म्हणजे पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ‘रिस्ट्रिक्टेड’ आहे, म्हणजे परवानगी दिलेल्यांनाच उघडते. तुम्ही त्याच खात्यात लॉगिन असता, म्हणून तुम्हाला कळत नाही. शेअरिंग ‘एनीवन विथ द लिंक’ करा आणि परक्या फोनवर, दुकानाचं वायफाय न वापरता तपासा.

कॅमेरा ओळखत नसेल तर आधी लिंकची लांबी बघा. अक्षरं वाढली की कोडातले चौकोन वाढतात आणि बारीक होतात. कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून बनवताना दुरुस्तीची पातळी निवडता येते; मधल्या, म्हणजे ‘एम’ पातळीवर २६ अक्षरांपर्यंतची लिंक २५ बाय २५ चौकोनांत बसते. ड्राइव्हची लिंक याच्या कितीतरी पुढे जाते. लिंकमध्ये देवनागरी घातलीत तर आणखी फुगते: प्रत्येक चिन्हाचे (काना-वेलांटीही धरून) ३ बाइट, आणि लिंकमध्ये ते टक्क्याच्या (%) खुणांसह लिहिले जातात, म्हणून ९ अक्षरं. नुसत्या ‘मिसळ’ची ३६ होतात! पाटी मराठीतच हवी, पण लिंक रोमन आणि आखूड ठेवा.

आकार अंतराच्या साधारण दहावा भाग धरा. टेबलावर ३ सेंमी पुरतो. ३ मीटरवरून स्कॅन व्हायचा असेल तर ३० सेंमी हवा. चारही बाजूंना ४ चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. डिझायनर नेमकी तिथेच नक्षी घुसवतात. कोड गडद, मागचा रंग फिकट.

मधोमध लोगो टाकू नका, असंच मी सांगेन. दुरुस्तीची सगळ्यात वरची ‘एच’ पातळी सुमारे ३० टक्के खराबी भरून काढते, पण ती सवलत लोगोनेच खाल्ली तर फ्लेक्सची सुरकुती किंवा तेलाचा डाग कशावर निभावणार? टेबलावरच्या कोडला मॅट लॅमिनेशन करा; चकचकीत असेल तर ट्यूबलाइट त्यात चमकते. प्रेसला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवू नका, कडा फुटतात. एसव्हीजी (मोठी केली तरी न फुटणारी चित्राची फाइल) किंवा पीडीएफ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

फुकटच्या ‘डायनॅमिक’ कोडपासून जपा. तो आधी त्या कंपनीच्या लिंकवर जातो. ट्रायल संपली की छापलेला कोड बंद पडू शकतो. त्यापेक्षा स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाच्या वेब-पत्त्यावर, छोटी लिंक करून ती ड्राइव्हच्या फाइलकडे वळवा. भाव बदलले की ‘मॅनेज व्हर्जन्स’मधून नवी पीडीएफ चढवा, लिंक तीच राहते, फ्लेक्स पुन्हा छापावा लागत नाही.