बोलोन्या घाईत उरकू नकोस

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा इटलीचा बेत वाचला. फ्लॉरेन्सला तीन दिवस, व्हेनिसला दोन आणि मधे गाडी बदलताना बोलोन्या. हे मला पटलेलं नाही. मिलानहून वेगवान गाडीने ते जेमतेम तासाभरावर आहे. स्वतंत्र जा आणि निदान दोन रात्री राहा.

पावसाची काळजी नको. जुन्या शहरात बहुतेक रस्त्यांच्या कडेने घरांखालून कमानीदार पोर्तिको, म्हणजे खांबांवरच्या छपराखालच्या वाटा, गेलेले आहेत. विद्यापीठ १०८८ सालचं मानतात. विद्यार्थ्यांची रीघ लागली, खोल्या पुरेनात, तेव्हा लोकांनी माड्या रस्त्यावर पुढे काढल्या आणि खालून खांबांचा आधार दिला. १२८८ मध्ये तर कायदाच झाला: नव्या घराला पोर्तिको हवाच, तोही घोडेस्वार खालून जाईल इतका उंच. जागा घरमालकाची, वाट मात्र सगळ्यांची, आणि हे आजही तसंच चालू आहे. मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते यासाठी. स्त्रादा माज्जोरे रस्त्यावर कासा इझोलानी आहे, तिथले तेराव्या शतकातले उंच लाकडी खांब जवळ जाऊन बघ.

आता खास तुझ्यासाठी. सान पेत्रोनियो चर्चच्या फरशीत खगोलशास्त्रज्ञ कासिनीने १६५५ मध्ये आखलेली, सुमारे ६७ मीटर लांबीची मध्यान्हरेषा आहे, म्हणजे खऱ्या मध्यान्ही सूर्याचं बिंब जिच्यावर येतं ती उत्तर-दक्षिण रेषा. छताजवळ, २७ मीटर उंचीवर, एक बारीक छिद्र. त्यातून सूर्याचं बिंब जमिनीवर उतरतं. तू मे महिन्यात जाणार, म्हणजे घड्याळात सव्वाएकच्या आसपास ते ताटाएवढं बिंब रेषेवर येईल. नजर रोखून उभी राहिलीस तर ते सरकताना दिसतं. दोन-तीन मिनिटांत रेषा ओलांडून जातं. सूर्याची गती वर्षभरात कमीजास्त होते ती नुसती अंतरामुळे तशी भासते की खरोखरच बदलते, हा तेव्हाचा वाद होता. कासिनीने या बिंबाचा व्यास वेगवेगळ्या ऋतूंत मोजला आणि कौल गती खरोखरच बदलते म्हणणाऱ्या केप्लरच्या बाजूने गेला. दुर्बिणीशिवाय, एका फरशीवर! चर्च दुपारी बंद असतं का, हे मात्र आधी बघून ठेव.

चर्चसमोरच्या चौकातल्या पालाझ्झो द'आकुर्सियो या जुन्या नगरपालिकेच्या वाड्यातही जा. १७३२ मध्ये लाउरा बास्सी या भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीला तिथं विद्यापीठाची पदवी दिली गेली, तेव्हा ती वीस वर्षांची होती. पुढे ती विद्यापीठात प्राध्यापक झाली, पण जाहीर व्याख्यानांवर बंधनं होती, म्हणून तिने घरीच प्रयोगशाळा मांडून भौतिकशास्त्र शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सान लुकाच्या टेकडीवर चालत जा. पोर्ता सारागोझ्झा या शहराच्या जुन्या वेशीपासून वरपर्यंत ६६६ कमानींची सलग वाट आहे, जवळजवळ चार किलोमीटर. पाणी बरोबर घे, शेवटचा चढ चांगलाच दमवतो.

तुझे,
सर