'खासगी' म्हणजे गुपित नव्हे

प्रश्न असा आला आहे: 'लिनक्स कर्नलमध्ये फाइलसिस्टीमच्या आय-ओ फंक्शनांतून "प्रायव्हेट डेटा" पुढे पाठवतात. मराठीत त्याला "गोपनीय माहिती" म्हणावं की "निजी डेटा"? आणि खासगी बरोबर की खाजगी?'

(कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली मांडणारा त्यातला भाग, आणि आय-ओ म्हणजे वाचणं-लिहिणं.) गोपनीय तर मुळीच नको. वर्गांत, भाषणांत, स्लाइडवर हा शब्द सतत कानावर पडतो आणि दर वेळी चीड येते, कारण त्याने ऐकणाऱ्याची समजूतच उलटी होते. त्याला वाटतं, आत पासवर्ड किंवा आधार क्रमांक असणार आणि कर्नल तो जपून नेत असणार. तिथे असतो नुसता एक व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कुठल्याही प्रकारच्या वस्तूचा मेमरीतला पत्ता. त्याला कुलूप नाही की कूटलेखन नाही. कर्नलमधला कुठलाही कोड तो वाचू शकतो. ज्या मजकुराचं खरोखर कूटलेखन करायचं, त्यासाठी बायोमध्ये, म्हणजे डिस्ककडे जाणाऱ्या वाचन-लेखनाच्या मागणीच्या नोंदीत, 'क्रिप्ट कॉन्टेक्स्ट' नावाचं वेगळं फील्ड आहे. आधार क्रमांकासारख्या गोष्टींना तर 2023चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदासुद्धा 'पर्सनल डेटा' म्हणतो, 'प्रायव्हेट' नव्हे.

बायोचंच बघा. फाइलसिस्टीमला डिस्कवरचे ब्लॉक वाचायचे असतात. ती एक बायो भरते, 'बीआय-प्रायव्हेट'मध्ये आपल्या हिशेबाचा पॉइंटर ठेवते, काम संपल्यावर कुणाला हाक मारायची ते 'बीआय-एंड-आयओ'मध्ये नोंदवते आणि बायो खाली ब्लॉक लेअरकडे, म्हणजे डिस्कच्या मागण्या हाताळणाऱ्या थराकडे, सोपवते. ब्लॉक लेअर आणि ड्रायव्हर त्या पॉइंटरला हात लावत नाहीत. तो कशाकडे बोट दाखवतो हेही त्यांना ठाऊक नसतं. वाचन पुरं झालं की एंड-आयओ बोलावलं जातं आणि फाइलसिस्टीम आपली वस्तू जशीच्या तशी परत घेते. इथे लपवालपवी कसलीच नाही. वस्तू कुणाची, एवढाच प्रश्न आहे.

आणि त्यासाठी मराठीत नेमका शब्द आहे: खासगी. 'खास' हा अरबी 'खास्स', 'आम'च्या विरुद्ध, एवढं सगळेच सांगतात आणि तिथेच थांबतात. मजा पुढे आहे. फारसीत बंदा-बंदगी, जिंदा-जिंदगी, ताजा-ताजगी अशा जोड्या होतात. तशीच खासा-खासगी. आता मराठीत 'खासा' म्हणजे कोण? खुद्द राजा, धनी. 'खासा स्वारी निघाली' असं बखरींच्या भाषेत म्हणतात ते त्याच्यासाठीच. म्हणजे खासगी हे खाशाचं, दौलतीच्या म्हणजे राज्याच्या हिशेबात न मिसळणारं. बाजीराव पेशव्यांनी 1734मध्ये मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या उत्पन्नाची जहागीर, नेमून दिली, ती या अर्थाने. अहिल्याबाईंनी गावोगावी देवळं नि घाट बांधले तेही खासगीतून, आणि ते काही कुणापासून लपवलं नव्हतं! दौलत एकीकडे, खासगी एकीकडे. कारकुनाने दोन्ही वह्या सांभाळायच्या, पण या वहीतलं त्या वहीत घालायचं नाही. बायोतल्या पॉइंटरचा कायदा याहून वेगळा नाही.

उलट इंग्रजी 'प्रायव्हेट' ज्या लॅटिन क्रियापदावरून आला त्यावरूनच 'डिप्राइव्ह'ही आला. तिथे मुळाशी काढून घेणं, वेगळं पाडणं आहे. आपल्या शब्दात मुळाशी धनी आहे. माझ्या मते कर्नलमधला अर्थ इंग्रजीपेक्षा मराठीतच नीट बसतो. 'निजी' हिंदीत शोभतो. घरात खासगी असताना तो मागून आणण्याचं कारण मला दिसत नाही.

आता खाजगी. 'खाजगी म्हणजे खाज, म्हणून अशुद्ध' असं शिकवणाऱ्यांनी एकदा स्वतःचा उच्चार ऐकावा. 'एकदा' भरभर म्हणताना 'एग्दा' होतं, 'डाकघर'चं 'डाग्घर', 'पाचगणी'चं जवळजवळ 'पाज्गणी'. पुढच्या घोष (ग, द, घ यांसारख्या, गळा कंप पावून निघणाऱ्या) व्यंजनाने मागचं अघोष (क, च, स यांसारखं, कंपाविना निघणारं) व्यंजन ओढून घेतलं, बस. 'ग'समोरचा 'स' असाच घोष झाला, आणि त्या ध्वनीला आपल्याकडे सर्वांत जवळचं अक्षर 'जग'मधला दंत्य 'ज'. म्हणून खाजगी ही अडाण्याची चूक नाही, मराठी जिभेने केलेलं नियमित काम आहे. पुण्याच्या पेठा वसवण्यात ज्यांचं नाव येतं त्या जिवाजीपंतांचं आडनाव खासगीवाले आणि खाजगीवाले असं दोन्ही तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. दोन्ही चालवा. मी खासगी लिहितो, कारण त्यात खासा दिसतो.

तुम्ही विचारलेल्या फंक्शनांबद्दल: आयओमॅप हा मूळचा एक्सएफएस या फाइलसिस्टीममधून निघालेला, आता अनेक फाइलसिस्टीमांचा सामायिक कोड. 2022मध्ये बीटीआरएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टीमच्या डायरेक्ट आय-ओसाठी (मधली मेमरीतली साठवण टाळून थेट डिस्कशी होणाऱ्या वाचन-लेखनासाठी) त्याच्या फेऱ्यांमधून एक खासगी पॉइंटर नेण्याची सोय झाली. पुढे झोन्ड डिस्कसाठी (ज्यांच्या प्रत्येक पट्ट्यात क्रमानेच लिहावं लागतं) एक्सएफएसला आधी राखून ठेवलेल्या जागेचा हिशेब आतपर्यंत न्यायचा होता, म्हणून पान लिहिण्याजोगं करणाऱ्या, शून्यं भरणाऱ्या फंक्शनांनाही तो दिला गेला. तेव्हा लिहा: 'फाइलसिस्टीम आपला खासगी पॉइंटर आयओमॅपच्या हाती देते आणि आयओमॅप तो न उघडता पुढे नेतो.' फक्त फाइल थेट मेमरीत जोडून घेणाऱ्या एम-मॅपमधल्या 'मॅप-प्रायव्हेट'ला हे लावू नका. तिथे लिहायला गेलं की त्या प्रोसेसपुरती पानाची वेगळी प्रत निघते आणि मूळ फाइल तशीच राहते. त्याला 'स्वतंत्र प्रत' म्हणा.