वाचकांचे प्रश्न : विमानाचं इंधन आणि उंची

प्रश्न : विमानात रॉकेल भरतात म्हणे, खरं का? आणि वरच्या थंडीत ते गोठत कसं नाही?
– एक वाचक, कागल

उत्तर : जेट आणि टर्बोप्रॉप (जेटसारख्या इंजिनाने पंखा फिरवणाऱ्या) विमानांत जेट ए-१ भरतात. ते रॉकेलच्याच जातीचं, पण फार कसून तपासलेलं. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांना एव्हगॅस, म्हणजे निळा रंग मिसळलेलं पेट्रोल लागतं. त्यांच्यात चुकून जेट इंधन पडलं, तर नळ्यांत उरलेल्या पेट्रोलवर विमान उडतं आणि पुढे इंजिन बंद पडतं. म्हणून टाकीच्या तोंडाशी इंधनाचं नाव ठळक लिहिलेलं असतं.

जेट ए-१ चा गोठणबिंदू उणे ४७ अंश सेल्सिअस, आणि ३६,००० फुटांवरची हवा साधारण उणे ५६. पण वेगामुळे पंखापुढची हवा दाबली जाऊन पंचवीसेक अंशांनी तापते, शिवाय टाकीतलं इंधन सावकाश निवतं. तरीही ते गोठणबिंदूच्या तीन अंश जवळ येऊ लागलं, तर वैमानिक खाली येतो किंवा वेग वाढवतो.

खरी धास्ती पाण्याची. इंधनात विरघळलेलं पाणी थंडीत सुटं होतं आणि त्याचे बर्फकण बनतात. १७ जानेवारी २००८ रोजी बीजिंगहून लंडनला आलेल्या बोइंग ७७७ मध्ये, गरम तेलाने इंधन तापवणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी असाच बर्फ साचला. उतरताना दोन्ही इंजिनांचा जोर गेला आणि विमान धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं. सगळे वाचले. इंधनात पाणी राहू नये म्हणून त्याचा नमुना काचेच्या बरणीत घेऊन फिरवतात. तळाशी थेंब किंवा गढूळपणा दिसता कामा नये. मग पिचकारीला पाणी ओळखणारी तपासणी कॅप्सूल लावून इंधन ओढतात. तिचा पिवळा रंग हिरवट झाला, की ते इंधन भरायचं नाही. नळी जोडण्याआधी टँकर आणि विमान तारेने जोडतात, नाहीतर स्थिर विजेची ठिणगी पडू शकते.

प्रश्न : मोटारीला लिटर, मग विमानाला किलो का?
– राजारामपुरीतील विद्यार्थिनी

उत्तर : इंधन तापलं की फुगतं, लिटर वाढतात, वजन तेवढंच राहतं. इंजिनाला मिळणारी ऊर्जा वजनावर ठरते आणि विमानाचा तोलही. लिटरला सुमारे ०.८ किलो धरतात. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चा हिशेब करताना ०.८ किलोऐवजी लिटरमागे पौंडांचा १.७७ हा आकडा धरला गेला. गरजेच्या निम्मंच इंधन भरलं गेलं आणि दोन्ही इंजिनं हवेतच थांबली. वैमानिकांनी ते तरंगत गिम्लीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं.

प्रश्न : कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून उडणारी पंख्याची विमानं ३५,००० फुटांवर का जात नाहीत?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : एटीआर-७२ या पंख्याच्या विमानाची कमाल मर्यादाच २५,००० फूट. जवळच्या प्रवासात आणखी वर चढण्याचा खर्च भरूनही निघत नाही. जेटला मात्र वरची विरळ हवा फायद्याची, कारण तिचा अडथळा कमी.

आपल्याकडे जास्त विचार उड्डाणाचा करावा लागतो. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंच. त्या उंचीला प्रमाण मानलेलं तापमान ११ अंश. मे महिन्याच्या दुपारी पारा ३६ वर गेला, तर फरक २५ अंशांचा. दर जादा अंशाला हवा साधारण १२० फूट आणखी उंचावर असल्यासारखी विरळ होते, म्हणजे ३,००० फूट. विमानाच्या दृष्टीने धावपट्टी ५,००० फुटांवर आहे! विरळ हवेत पंखांची उचल आणि इंजिनाचा जोर दोन्ही घटतात, धाव लांबते. ती धावपट्टीत बसत नसेल तर सामान, इंधन किंवा प्रवासी कमी करावे लागतात, नाहीतर सकाळच्या गारव्यात उडावं लागतं.