व्हिडिओचे तुकडे केले, आवाज सरकला. पुरावा बाद होईल का?

प्रश्न : डोंबिवलीतल्या आमच्या गृहनिर्माण सोसायटीने पुनर्विकासासाठी विकासक निवडायला विशेष सर्वसाधारण सभा घेतली. आम्ही काही सभासदांनी विरोध केला, तरी इतिवृत्तात ‘एकमताने मंजूर’ असं लिहिलं. ठरावाविरुद्ध २०२५ मध्ये सहकार न्यायालयात दावा लावला. सभा मी माझ्या मोबाइलवर चित्रित केली होती. फाइल फार मोठी, म्हणून एका फुकट ॲपने चार तुकडे करून पेन ड्राइव्हवर दाखल केले. दुसऱ्या तुकड्यापासून आवाज आधी येतो आणि ओठ पाऊण सेकंद मागून हलतात. सोसायटीचे वकील म्हणतात, छेडछाड केली आहे. भाच्याने आवाज जुळवून नवी फाइल बनवून दिली, पण तिच्यात शेवटाकडे फरक वाढत जातो. ती दाखल करू का? – एक सभासद

उत्तर : नाही. भाच्याची फाइल दाखल करू नका. ती पुसूही नका. ‘दुरुस्त प्रत, दाखल नाही’ असं लिहून वेगळी ठेवा. उद्या उलटतपासणीत तिचा विषय निघाला तर ती तुमच्याकडे असलेली बरी.

आधी हे का झालं ते समजून घ्या, कारण साक्षीत ते तुम्हालाच सांगावं लागणार आहे. व्हिडिओत प्रत्येक चित्र पूर्ण साठवलेलं नसतं. ठरावीक अंतराने एक पूर्ण चित्र असतं, त्याला की-फ्रेम म्हणतात. मधल्या चित्रांत फक्त बदल नोंदवलेले असतात. फाइल पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्रं नव्याने न साठवता, झटपट कापणारी ॲप्स चित्र की-फ्रेमपासूनच सुरू करू शकतात. आवाजाचे तुकडे मात्र सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बारीक असतात, तो हवा तिथे कापला जातो. म्हणजे चित्र थोडं आधीपासून सुरू होतं आणि आवाज नेमक्या जागेपासून. परिणाम तुम्ही लिहिलाय तोच. असा फरक त्या तुकड्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखा राहतो. तुमच्या तुकड्यांत तो तसाच आहे का, हे प्रत्येक तुकडा सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाहून टिपून ठेवा.

भाच्याच्या फाइलचं दुखणं वेगळं आहे. मोबाइल सेकंदाला ३० चित्रं घेतो म्हणतात, पण अंधाऱ्या हॉलमध्ये ती संख्या कमी-जास्त होते. जुळवणाऱ्या प्रोग्रॅमने ती ठरावीक धरली की फरक मिनिटागणिक वाढत जातो. आवाज मागे-पुढे सरकवून तो जाणार नाही. आणि मुळात, पुरावा तुम्ही ‘सुधारून’ आणलात की छेडछाडीचा जो आरोप आज पोकळ आहे, त्यात तुम्हीच जीव ओतता. फसवण्याच्या हेतूने खोटा पुरावा तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२८ खाली गुन्हा आहे. तुमचा तसा हेतू नाही, पण तो नव्हता हे पटवत बसण्याची पाळी स्वतःवर कशाला आणता?

खरा पुरावा तुमच्या मोबाइलमध्ये आहे, अखंड. (आहे ना? नसेल तर हे पुढचं सगळं बदलतं. आजच तुमच्या वकिलांना सांगा.) तो मोबाइल विकू नका, रीसेट करू नका, गॅलरीतून ती फाइल ‘ट्रिम’ करू नका, जागा मोकळी करणारी सोय बंद ठेवा. केबलने संगणकावर जशीच्या तशी उतरवा आणि दोन्हीकडच्या फाइलची एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून हिशेबाने निघणारा अंक-अक्षरांचा ठसा) काढा. अक्षर न् अक्षर जुळलं तर प्रत अस्सल. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत नको. तो व्हिडिओ दाबून लहान करतो, हॅश बदलते. तुकड्यांची हॅश मूळ फाइलशी जुळणार नाही, ते स्वाभाविक आहे.

भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ ला लागू झाला आणि तुमचा दावा त्यानंतरचा, म्हणजे त्याचं इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलचं कलम ६३ लागू. त्याचं प्रमाणपत्र दोन भागांत असतं : भाग ‘अ’ तुम्ही भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि दोन्हीत हॅश नोंदवायची. पहिल्यांदा पेन ड्राइव्ह देताना हे जोडलं नसेल तर घाबरू नका. जालन्याच्या निवडणुकीवरून सर्वोच्च न्यायालयात गेलेला अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा निकाल (२०२०) तुमच्या वकिलांना पाठ असेल. तिथेही वाद चित्रीकरणाचाच होता : उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले की नाही, हे निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांवरून ठरवायचं होतं. न्यायालयाने जुन्या पुरावा कायद्यातल्या याच विषयावरच्या कलम ६५ब बद्दल सांगितलं की मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते उपकरण दाखवत असेल तर प्रमाणपत्र लागत नाही. आणि लागत असेल तर खटला संपेपर्यंत ते देता येतं. माझं मत विचाराल तर दोन्ही करा. मोबाइल घेऊन पिंजऱ्यात उभे राहा आणि नव्या कलमाचं प्रमाणपत्रही द्या.

सोबत एक शपथपत्र. कोणत्या दिवशी, कोणत्या ॲपने, का तुकडे केले, कापल्याच्या जागा कुठे आहेत, फरक किती आहे. काही लपवू नका. मूळ अखंड फाइल हजर केली की तुकडे फक्त सोयीचे राहतात.

आता वादाच्या मुद्द्यावर येऊ, कारण सोसायटीचे वकील पाऊण सेकंदावर एवढे अडून बसले आहेत त्याला कारण आहे. अध्यक्षांनी ‘मंजूर’ म्हटलं ते तुमचा विरोध ऐकल्यावर की आधी? हात वर झाले ते चित्रात दिसतात, ‘मंजूर’ ऐकू येतं, आणि दोन्ही सरकलेले. पण तुमचा ‘आमचा विरोध आहे, नोंद करा’ हा ओरडा आणि अध्यक्षांचं ‘मंजूर’ हे दोन्ही एकाच आवाजाच्या पट्टीवर आहेत. चित्र कितीही मागे राहो, त्या दोघांचा क्रम बदलत नाही. युक्तिवाद हातांवर नको, आवाजावर उभा करा. कोण बोललं त्यासह वेळवार उतारा तयार करा आणि आवाज ओळखणारे एक-दोन सभासद साक्षीला ठेवा. त्या क्षणी तुकडा कापलेला नाही ना, हे मात्र आधी बघा.

न्यायालयात दाखवताना ओठ जुळावेत असं वाटत असेल तर फाइलला हात न लावता विंडोजवरच्या व्हीएलसी या व्हिडिओ दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘के’ हे बटण दाबा. दर वेळी आवाज ५० मिलिसेकंदांनी मागे जातो. परवानगी घेऊन, सगळ्यांसमोर. समोरचे न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत तपासणी मागतील तर विरोध करू नका.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात विकासक निवडीच्या सभेचं चित्रीकरण करायला सांगितलं आहे. (माहिती तंत्रज्ञान कायद्यातही एक ७९अ आहे, इलेक्ट्रॉनिक पुरावा तपासणाऱ्यांचं, अर्जात घोळ करू नका.) म्हणजे सोसायटीकडे स्वतःचं चित्रीकरण असायला हवं. त्यात ओठ आणि आवाज जुळत असतील तर तुमच्या तुकड्यांचा वाद तिथेच मिटतो. आधी सचिवांकडे लेखी मागा, पोच घ्या. दिलं नाही तर ते चित्रीकरण आणि त्याचं प्रमाणपत्र हजर करण्याचा आदेश मागणारा अर्ज पुढच्याच तारखेला द्या. मागूनही प्रमाणपत्र मिळत नसेल तर न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग खोतकर निकालातच दाखवला आहे.